वारा पडेपर्यंत

अथेन्समधल्या मोनास्तिराकीहून निघालेली हिरव्या मार्गावरची गाडी पिरेयसच्या, म्हणजे अथेन्सच्या बंदराच्या, शेवटच्या स्थानकात शिरली, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. ऑगस्टचे अखेरचे दिवस होते. स्थानकाबाहेर येऊन रस्ता ओलांडला की एकदम जहाजेच समोर येतात. मधे ना वाळू, ना मोकळे पाणी. रस्त्यापलीकडे सात-आठ मजली पांढऱ्या, निळ्या, लाल पोलादी भिंती आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलेली नावे. मला नॅक्सोस बेटावर जायचे होते. पण धक्क्याच्या दाराशी कोणी घाई करत नव्हते. माणसे आपापल्या सामानावर बसून होती. तिकीटखिडकीतल्या माणसाने माझे तिकीट पाहिले, मान किंचित वर झटकली आणि एकच शब्द उच्चारला, ‘आपागोरेफ्तिको.’

शब्दाचा अर्थ एवढाच, की मनाई. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. आकाश निळेशार, ऊन लख्ख, ढगाचा मागमूस नाही, आणि तरीही समुद्र पांढऱ्या फेसाने उसळत असतो. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापाच्या आठ-नऊ अंकांकडे सरकला, की जहाजाची जात आणि त्याचा मार्ग पाहून बंदराचे अधिकारी त्याचे निघणे थांबवतात. आठ म्हणजे ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वारा. मनाई कधी उठेल हे कोणी सांगत नाही, कारण ते वाऱ्याच्या हातात असते. माझ्या आजीचे माहेर देवगडचे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य ती ज्या स्वरात उच्चारायची, अगदी त्याच स्वरात त्या माणसाने तो शब्द उच्चारला होता. त्या स्वरात तक्रार नव्हती. समुद्राने नाही म्हटले आहे, तेव्हा आता चहा टाकावा, असा काहीसा तो स्वर होता.

अशा रीतीने मी पिरेयसमध्ये दोन दिवस राहिले. एरवी राहिले नसते, कारण पिरेयसला कोणी राहायला जात नाही. अथेन्स पाहून झाल्यावर बेटांकडे निघालेली माणसे इथून पळत पळत जातात. बंदराचा घेर मोठा, धक्क्याची दारे ई १ पासून ई १२ पर्यंत पसरलेली, आपले जहाज कोणत्या दारी लागले आहे हे शोधण्यातच सगळे लक्ष गुंतलेले. माझेही तेच झाले असते. वाऱ्याने मला थांबवले, आणि माझ्या मते जगातल्या अत्यंत मोलाच्या जागांपैकी एक जागा मला सावकाश पाहता आली.

या बंदराची निवड एका माणसाच्या हट्टाने झाली. त्याआधी अथेन्सकरांची गलबते फालेरोनच्या उघड्या, वाळूच्या उपसागरात ओढून ठेवली जात. तो किनारा शहरापासून जवळ होता आणि टेकडीवरून दिसतही होता. इसवी सनापूर्वी ४९३-९२ साली थेमिस्टोक्लीस अथेन्सचा आर्खोन, म्हणजे प्रमुख अधिकारी, झाला. थोडे पलीकडे, खडकाळ द्वीपकल्पाच्या कुशीत तीन नैसर्गिक बंदरे आहेत, हे त्याने लोकांना दाखवले आणि तिथे तटबंदी सुरू केली. सर्वांत मोठे ते कांथारोस. आजच्या बेटांच्या बोटी तिथूनच सुटतात. दुसरे झेआ आणि तिसरे, सर्वांत लहान, मुनिखिया. पुढे दहाएक वर्षांनी लाव्रिओनच्या खाणीत चांदीची नवी शीर लागली. प्रत्येक नागरिकाला थोडी थोडी चांदी वाटून द्यावी असे बहुतेकांना वाटत होते. थेमिस्टोक्लीसने मात्र त्या पैशातून युद्धनौका बांधायला लोकांना राजी केले. त्याच नौकांनी इसवी सनापूर्वी ४८० साली समोरच्या सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या आरमाराचा पराभव केला.

हा इतिहास शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपतो. पिरेयसच्या रस्त्यांवरून चालताना तो पायाखाली लागतो. स्थानकापासून टेकडी चढून पलीकडे उतरले, की झेआचे गोल बंदर येते; आज तिथे श्रीमंतांच्या नौका दाटीने उभ्या असतात आणि काठाने उपाहारगृहे आहेत. त्या काठावरच्या एका निवासी इमारतीच्या तळघरात प्राचीन नौकाघरांचे अवशेष जपून ठेवले आहेत. वर कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्या, आणि खाली खडकात खोदलेल्या, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या लांबट घसरणी. त्रिरेम ही तीन ओळींत वल्ह्यांची रचना असलेली युद्धनौका वजनाने हलकी असे. ती पाण्यातच राहिली तर लाकूड पाणी पिऊन जड होई आणि किडे ते पोखरत, म्हणून काम नसताना ती ओढून छपराखाली कोरडी ठेवावी लागे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्या नौकाघरांची मोजदाद दगडावर कोरून ठेवली गेली: झेआमध्ये १९६, मुनिखियात ८२, कांथारोसमध्ये ९४, मिळून ३७२. आपल्याकडेही पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. जगातल्या एका प्रबळ आरमाराची निगाही त्याच रीतीने राखली जात होती, हे त्या घसरणीकडे पाहताना मला फार जवळचे वाटले.

प्रत्येक त्रिरेमवर १७० वल्हेकरी असत. चिलखत, घोडा, भाला विकत घेण्याची ऐपत नसलेला अथेन्सचा गरीब नागरिक वल्ह्यावर बसे. त्याला लागे ती बसायला एक गादी आणि दोन धड हात. शहराची सत्ता आरमारावर उभी राहिली आणि आरमार या माणसांच्या हातांवर उभे राहिले, तेव्हा सभेत त्यांचा आवाजही वाढला. लोकशाहीची चर्चा करताना आपण अक्रोपोलिसकडे बोट दाखवतो. मला वाटते, झेआच्या त्या तळघराकडेही तितक्याच आदराने पाहायला हवे.

पुढचा इतिहास मी भरभर सांगते. शहर आणि बंदर यांना जोडणाऱ्या लांब भिंती उठल्या; मिलेटसच्या हिपोडामसने काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे नगर आखले; काळ्या समुद्राकडून धान्य येऊ लागले; इजिप्तच्या व्यापाऱ्यांनी इसिस देवीचे देऊळ उभारले आणि सायप्रसमधल्या किटिओनच्या व्यापाऱ्यांना इसवी सनापूर्वी ३३३ साली आपल्या देवीच्या देवळासाठी जागा मिळाली. परक्या माणसाला देवासकट सामावून घेते, ते खरे बंदर. इसवी सनापूर्वी ४३० साली महामारीही आधी याच दाराने आली. ४०४ साली अथेन्स हरले आणि त्या लांब भिंती बासऱ्यांच्या सुरावर पाडल्या गेल्या. त्या पुन्हा बांधल्या गेल्या. इसवी सनापूर्वी ८६ साली रोमन सेनापती सुल्लाने मात्र पिरेयस असे जाळले, की ते पुढे कित्येक शतके सावरले नाही.

त्या आगीची एक साक्ष मला दुपारी वस्तुसंग्रहालयात भेटली. १९५९ च्या जुलैमध्ये बंदराजवळच्या रस्त्यावर सांडपाण्याच्या नळांसाठी खोदकाम चालू असताना मजुरांना एक ब्राँझचा हात लागला. त्या खड्ड्यातून नंतर अपोलो, अथेना आणि आर्टेमिस यांचे ब्राँझचे पुतळे वर आले. त्यातला अपोलो सर्वांत जुना, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. दोन्ही हात कोपरापासून पुढे केलेला, मान किंचित झुकलेली, अंगावर हिरवट काळसर झाक. अभ्यासकांचा अंदाज असा, की हे पुतळे धक्क्याजवळच्या एका गोदामात ठेवलेले होते आणि सुल्लाच्या वेढ्याच्या धामधुमीत ते गोदाम जळून कोसळले. कदाचित ते जहाजावर चढवून दूर न्यायचे ठरले असेल. मी त्याच्या पुढे केलेल्या हातांसमोर बराच वेळ उभी होते. बोटे आतल्या बाजूला वळलेली आहेत आणि त्यांत एके काळी धनुष्य होते असे मानतात. पण त्या दिवशी, धक्क्यावर दीडेकशे माणसे आपल्या जहाजाची वाट पाहत बसलेली असताना, ते हात मला वाट पाहणाऱ्याचेच वाटले.

मध्ययुगात या जागेने आपले नावही गमावले. बंदराच्या काठी संगमरवराचा एक मोठा सिंह बसलेला होता, त्यावरून इटालियन खलाशी तिला पोर्तो लिओने म्हणू लागले. अकराव्या शतकात कधीतरी बायझंटाइन सम्राटाच्या चाकरीत असलेल्या उत्तर युरोपातल्या सैनिकांनी त्या सिंहाच्या अंगावर आपल्या रूनी लिपीत मजकूर कोरला. १६८७ साली व्हेनिसच्या मोरोसिनीने स्वारी केली, आणि त्या सिंहाला उचलून व्हेनिसला नेले. तो आजही तिथल्या शस्त्रागाराच्या दाराशी बसलेला आहे. त्याच स्वारीत अक्रोपोलिसवरचे पार्थेनॉन मंदिर स्फोटाने फुटले. १८३४ साली अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाले, तेव्हा पिरेयसमध्ये एक मठ आणि जकातीची चौकी यांपलीकडे फारसे काही उरलेले नव्हते. मग इड्रा आणि खिओस बेटांवरची माणसे येऊन वसली. १८६९ मध्ये अथेन्सपर्यंत आगगाडी सुरू झाली, १९०४ मध्ये ती विजेवर धावू लागली. मी सकाळी ज्या मार्गाने आले तो तोच मार्ग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीही मनाई कायम होती. मात्र आडोशाच्या पाण्यातल्या बोटी चालू होत्या, म्हणून मी बसने पेरामाला गेले. पिरेयसच्या पश्चिमेला जहाजदुरुस्तीची ही वस्ती. तिथून समोरच्या सलामिस बेटावर दिवसरात्र बोटी जा-ये करतात. पंधरा मिनिटांचा प्रवास. बोटी दोन्ही तोंडांनी सारख्याच, उघड्या, सपाट. मधे मोटारी आणि मालट्रक, दोन्ही कडांना माणसांसाठी माड्या. भाजी घेऊन चाललेली माणसे, शाळेच्या नव्या वर्षाची दप्तरे घेऊन परतणारी एक आई, दोन आरमारी शिपाई. जिथे अडीच हजार वर्षांपूर्वी ते युद्ध झाले, त्याच पाण्यावरून ही रोजची ये-जा चालते, आणि हा विचार करायला बोटीवरच्या कोणालाही सवड नव्हती.

त्या बोटीवर पाय ठेवताच मला ती ओळखीची वाटली. त्याचे कारण काही क्षणांनी ध्यानात आले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी आणि माणसे घेऊन जाणारी जी बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, ती २०१९ साली ग्रीसमध्ये बांधलेली आणि तिथूनच समुद्रमार्गे मुंबईत आलेली. तिचे नाव प्रोतोपोरोस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ अग्रेसर, वाट दाखवणारा. अलिबागकडे जाताना मी तिच्यावर कितीदा उभी राहिले आहे, आणि दर वेळी त्या पाण्यावर मला १७ जुलै १९४७ चा दिवस आठवतो. गटारी अमावास्येच्या त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या घरात ही गोष्ट कुजबुजत सांगितली जाई. आजी त्यानंतरही बोटीने प्रवास करत राहिली, कारण त्या काळी देवगडला जायला दुसरी सोयच नव्हती.

ग्रीक माणसांच्या मनातही अशी एक रात्र आहे. १९६६ च्या डिसेंबरात क्रीटमधल्या सूदा बंदरातून पिरेयसकडे निघालेली ‘इराक्लिओन’ ही बोट वादळात सापडली. पोटातल्या मोटारतळावरचा, माल थंड ठेवणारा एक मालट्रक जागेवरून सुटला, हेलकाव्यांबरोबर आपटत राहिला आणि त्याने बाजूचा दरवाजा फोडला. ८ डिसेंबरच्या पहाटे फाल्कोनेराच्या निर्जन खडकाजवळ ती बुडाली. दोनशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांची संख्या पन्नासही भरली नाही. मालकांवर खटला चालला, शिक्षा झाल्या. पण मला हलवून टाकते ती त्यानंतरची गोष्ट. क्रीटमधल्या हानिया भागातल्या लोकांनी, तिथल्या बिशपच्या पुढाकाराने, १९६७ साली स्वतःच पैसे उभे करून अॅनेक नावाची कंपनी काढली. शेतकरी, दुकानदार, शिक्षक तिचे भागधारक झाले. ज्या बोटीत आपली मुले बसणार, ती बोट आपल्या मालकीची असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सहकाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी बाईला त्यातली कळकळ समजावून सांगावी लागत नाही. धोका तरीही संपला नाही. २००० च्या सप्टेंबरमध्ये पिरेयसहून निघालेली ‘एक्सप्रेस सामिना’ पारोसजवळच्या पोर्तेस खडकांवर आदळली आणि ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. म्हणून धक्क्यावर ‘मनाई’ शब्द उच्चारला जातो, तेव्हा कोणी वाद घालत नाही.

या बोटी म्हणजे इथल्या लोकांचा रस्ता. ग्रीसमध्ये माणसे राहतात अशी शंभराहून अधिक बेटे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर विमानतळ नाही. औषधे, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, वधूचा पोशाख, नव्याने नेमलेली शाळामास्तरीण, शहरातल्या इस्पितळात मरण पावलेल्या माणसाची शवपेटी, सारे याच बोटीच्या पोटातून जाते. ज्या बेटांवर जाणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही, त्या मार्गांना ‘आगोनी ग्रामी’ म्हणजे ‘नापीक मार्ग’ म्हणतात आणि ते सरकारी अनुदानावर चालवले जातात. २०१८ पासून आणखी एक योजना लागू झाली. तेवढेच अंतर जमिनीवरून कापले असते तर जो खर्च आला असता, त्याहून जास्त पडलेला खर्च बेटवासीयांना परत द्यायचा, हे तिचे तत्त्व. आपले घर पाण्यापलीकडे आहे म्हणून माणसाला अधिक दाम मोजावे लागू नयेत, हा विचार मला फार थोर वाटतो. कोकणची बोटसेवा बंद झाली तेव्हा आपल्याकडे कोणी असा विचार मांडला असता, तर हर्णै, जयगड, विजयदुर्ग ही बंदरे आज कदाचित वेगळी दिसली असती.

संध्याकाळी मी पेरामाहून परतले आणि बंदराच्या दक्षिण बाजूने, आक्ती मियाऊलीवरून चालत गेले. या रस्त्याच्या एका बाजूला जहाजमालकांच्या कचेऱ्या आहेत; जगातला सर्वांत मोठा मालवाहू ताफा ग्रीक मालकांच्या हाती आहे, आणि त्या जहाजांवर राबणाऱ्या खलाशांत आपल्या देशातली पुष्कळ मुले असतात. रस्ता संपतो त्या टोकाला, ई ११ आणि ई १२ या दारांशी, पर्यटकांची क्रूझ जहाजे लागतात. त्या संध्याकाळी तिथे एकच होते, पण त्याच्यापुढे भोवतालच्या इमारती बुटक्या दिसत होत्या. सकाळी त्यातून उतरलेल्या माणसांना बसगाड्यांनी अक्रोपोलिसला नेले होते आणि आता त्या बसगाड्या परतत होत्या. रांगेत उभे असलेले लोक दमलेले, उन्हाने लालबुंद झालेले आणि आनंदी होते. त्यांच्या आनंदाबद्दल मला आकस नाही. आयुष्यभर नोकरी करून साठवलेल्या पैशातून सात दिवस समुद्र पाहायला निघालेले एखादे जोडपे त्यांत असेलच.

तरीही दोन प्रकारच्या जहाजांत मला मोठा फरक दिसतो, आणि तो आकाराचा नाही. बेटाच्या बोटीला धक्क्याची गरज असते आणि धक्क्याला बोटीची. क्रूझ जहाज आपले गाव सोबत घेऊन फिरते: झोपायची खोली, जेवणघर, पोहण्याचा तलाव, दुकाने, नाटकगृह. ते बंदराला लागते, पण बंदरावर अवलंबून राहत नाही. पिरेयसमध्ये अशा जहाजांतून वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे ये-जा करतात, आणि त्यांतली फारच थोडी झेआच्या त्या तळघरापर्यंत पोचत असतील. मोठ्या शहराला हे पेलते. पण हीच जहाजे सँटोरिनी, मिकोनोससारख्या छोट्या बेटांपुढे एका दिवशी तीन-चार उभी राहतात, तेव्हा गावच्या गल्ल्यांत गावकऱ्यांना चालता येत नाही. सँटोरिनीने दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली. २०२५ च्या जुलैपासून या दोन बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाकडून ऐन हंगामात वीस युरो घेतले जातात. माझ्या मते यात काही अनुचित नाही. पाणी, कचरा, रस्ते हे सगळे त्या बेटांना बोटीतूनच आणावे किंवा न्यावे लागते.

याच धक्क्यांवरून एके काळी वेगळी मोठी जहाजे सुटत, हे मात्र विसरता येत नाही. १९२२ साली आजच्या तुर्कस्तानातले स्मिर्ना शहर जळाले, आणि आशिया मायनरमधून पळालेली ग्रीक माणसे लाखोंनी ग्रीसच्या बंदरांत उतरली. पिरेयसच्या गोदामांत, चौकांत, मग कोकिनिया आणि द्रापेत्सोनाच्या पत्र्याच्या वस्त्यांत ती राहिली. त्यांचे सूर आणि बंदरातल्या हमालांची गाणी मिळून रेबेतिको हे संगीत घडले. त्याचा सर्वांत मोठा गायक मार्कोस वाम्वाकारिस हा सिरोस बेटावरून पोरवयात पळून आलेला आणि याच धक्क्यावर कोळसा उतरवणारा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या ६ एप्रिलच्या रात्री, बंदरातल्या दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजावर बाँब पडला आणि त्या स्फोटाने बंदर उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर गरिबीने लोकांना पुन्हा बाहेर काढले. पिरेयसहून न्यूयॉर्कला, सिडनीला, मेलबर्नला माणसे जहाजे भरभरून गेली. न्यूयॉर्कच्या फेऱ्या करणारे ‘ओलिम्पिया’ हे १९५३ सालचे जहाज पुढे नाव बदलून अनेक वर्षे कॅरिबियनमध्ये सहलींसाठी फिरले आणि शेवटी २००९ मध्ये भावनगरजवळच्या अलंगच्या चिखलात येऊन विसावले. मुलाबाळांना निरोप देणाऱ्या कितीतरी आयांनी ज्या कठड्याकडे पाहून हात हलवला होता, तो कठडा आपल्या मजुरांच्या गॅस कटरखाली कापला गेला. आणि २०१६ च्या वसंतात सिरिया, अफगाणिस्तान, इराकमधून आलेली हजारो माणसे लेस्वोस, खिओसहून बोटींनी येऊन ई १, ई २ या दारांशी तंबू ठोकून राहिली होती. मी विचारपूस केली तेव्हा कळले, की त्यांना आधी जेवण नेऊन देणाऱ्यांत कोकिनियातल्या बायका होत्या. त्यांच्या आज्या स्मिर्नाहून आलेल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला. खिडकीची झडप वाजायची थांबली म्हणून मला जाग आली. साडेसातला बोट सुटणार होती. सहा वाजताच धक्क्यावर इतकी माणसे जमली, की दोन दिवसांची सारी बेटे तिथेच आहेत असे वाटावे. गणपतीच्या आधीच्या रात्री मुंबईच्या गाड्यांसमोर चाकरमान्यांची जशी गर्दी असते, तशी ती गर्दी होती.

इथल्या बोटी धक्क्याला पिछाडीने लागतात. रात्री बाहेर नांगरून ठेवलेली आमची बोट बंदराच्या मधोमध येऊन थांबली, स्वतःभोवती वळली, पुढचे दोन्ही नांगर खडखडत सोडले आणि मागे मागे सरकू लागली. खालचा एक माणूस हातातल्या यंत्रावर वरच्या सुकाणूकक्षातल्या कप्तानाला अंतर सांगत होता: तीस, वीस, दहा. पातळ दोरीच्या टोकाला बांधलेला गोळा हवेतून आला, धक्क्यावरच्या दोघांनी तो पकडून दोरी खेचली आणि तिच्यामागे मांडीएवढा जाड, पाणी गळणारा दोरखंड वर आला. त्याचा फास त्यांनी लोखंडी खुंट्यावर टाकला. तो ताणला जाण्याआधीच बोटीच्या मागची प्रचंड फळी खाली यायला लागली होती. तिला ते कातापेल्तिस म्हणतात. साखळ्यांचा आवाज, मग दगडावर लोखंड घासल्याचा करकरीत आवाज. फळीवर आडव्या उंच पट्ट्या, टायरांनी घासून चांदीसारख्या झालेल्या, आणि पट्ट्यांच्या मधे साचलेल्या पाण्यात तेलाचे इंद्रधनुष्य. फळी बोटीबरोबर सतत हलत होती. तिच्यावर पाऊल ठेवले, की आपण जमीन सोडली हे पायाला आधी कळते.

माझ्या पुढे एक म्हातारी बाई चालली होती. तिच्या हातात चादरीत गुंडाळलेले काहीतरी जड होते आणि त्या पट्ट्यांवरून तिला ते पेलत नव्हते. मी एक बाजू धरली. वर गेल्यावर ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली, तेही ऑस्ट्रेलियन वळणाच्या. चादरीत शिवणयंत्राचे डोके होते. बेटावर दुरुस्ती करणारा कोणी उरला नाही, म्हणून तिने ते पिरेयसला आणले होते. १९६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती याच बंदरातून ‘पात्रिस’ जहाजाने मेलबर्नला गेली. पात्रिस म्हणजे मायभूमी. मायभूमी सोडणाऱ्या जहाजाचे ते नाव. तिथे कपड्यांच्या कारखान्यात तिने तीस वर्षे शिवणकाम केले आणि नवरा वारल्यावर हे यंत्र घेऊन ती नॅक्सोसला परतली. ‘जाताना मी त्या बाजूला उभी होते, कोरी मू,’ ती म्हणाली, ‘आईचा रुमाल दिसेनासा झाला तरी मी तिथेच होते.’ कोरी मू म्हणजे माझ्या लेकी.

बोट सुटली. आक्तीच्या खडकाळ टोकाजवळून जाताना डाव्या हाताला एक प्राचीन खांब दिसतो. तिथे थेमिस्टोक्लीसची समाधी असल्याचे सांगतात. हे बंदर घडवणाऱ्या माणसाला अथेन्सने हद्दपार केले, आणि तो इराणच्या राजाच्या आश्रयाला, दूर मॅग्नेशियात मेला. त्याच्या नातलगांनी त्याची हाडे चोरून आणून अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरली, अशी हकीकत जुना इतिहासकार देतो. मी तो खांब बाईला दाखवला. तिने कपाळावरून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. ‘सगळे परत येतात,’ ती म्हणाली, आणि चादरीची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधू लागली.

पारोसला बोट जेमतेम पंधरा मिनिटे थांबली. दुपारी नॅक्सोसच्या बंदरात शिरताना आम्ही दोघी यंत्र मधे ठेवून मोटारतळावर, फळीच्या आतल्या बाजूला उभ्या होतो. साखळ्या सुटल्या, अंधारात वरून उजेडाची एक पट्टी आली आणि रुंद होत गेली. फळी दगडाला टेकायच्या आतच खालून कोणीतरी ‘याया!’ अशी हाक मारली. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा स्कूटर चालू ठेवूनच उभा होता. त्याने धावत वर येऊन यंत्र दोन्ही हातांनी उचलले, पुढच्या पायदाणीवर ठेवले आणि आजीला मागे बसवले. त्यांच्यामागून पिठाच्या पोत्यांचा ट्रक उतरला.